मी बांधलेलं गलबत बुडत नव्हतं

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. मी तरुणपणी सिनेमात काम केलंय, तेही मूकपटाच्या जमान्यात, तेही आरमारी लढाईच्या, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. "त्या सोनेरी दिवसांवर लिहा," असा त्यांचा आग्रह. पत्र वाचून आमच्या हिने एवढंच विचारलं, "खरं खरं लिवणार काय?" मी बघू म्हटलं, आणि बघण्यात पंधरा दिवस गेले.

मी नट नव्हतो. मी काळी नदीवर लाकडाचे तराफे बांधणारा माणूस. त्यातली काही वर्षं मेस्त्रीही, म्हणजे तराफेवाल्यांचा मुकादमही, होतो. सिनेमाने मला मेस्त्री म्हणून पाहिलं आणि सिनेमानेच ते मेस्त्रीपण काढून घेतलं. पण तराफे म्हणजे काय हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि तराफ्यांविषयी मला आजवर कुठल्याही संपादकाने विचारलेलं नाही. तेव्हा सिनेमाच्या नावाखाली थोडे तराफे खपवून घेतो.

आमच्या सुपा-जोयड्याच्या रानात तेव्हा धड रस्ते नव्हते. तोडलेलं लाकूड रेड्यांनी ओढत नदीवर आणायचं आणि पावसाळा सरून नदीचा राग उतरला की तराफे बांधून खाली डेपोला न्यायचं. वाळलेला साग तरंगतो. मत्तीचं लाकूड मात्र दगडासारखं तळाशी जातं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूचे भारे बांधावे लागतात, दोन शहाण्यांनी एका दारुड्याला घरी न्यावं तसे. बांधायची दोरी केवणीच्या सालीची. ती कोरडी असताना साधी वाटते, पण भिजली की अशी आवळते की बोटांनी सुटता सुटत नाही. म्हणून तराफ्याच्या एका टोकाला आम्ही एक सुटगाठ ठेवायचो. डेपोला पोचल्यावर ती एक ओढली की सगळं बांधकाम मोकळं. बाकीच्या गाठी पाण्यात कधीच सुटू नयेत, यातच मेस्त्रीची अब्रू.

प्रत्येक लाकडाच्या तोंडावर हातोड्याने छाप मारलेला असे. छापाचं लाकूड वाहून गेलं तर ते ज्याच्या हातून गेलं त्याला नदीवर पुन्हा काम नाही, असा आमच्या डेपोचा नियम. त्यामुळे "लाकूड सुटलं" अशी आरोळी कानावर पडली की आमची माणसं हातातलं टाकून पाण्यात उडी मारत. जेवत असली तरी, आजारी असली तरी. माझ्या लग्नात अक्षतांच्या ऐन वेळी नदीकडून ती आरोळी आली आणि नवऱ्याकडची सगळी मंडळी नवऱ्यासकट पळाली. तासाभराने मी ओल्या मुंडावळ्यांनी परत आलो. सासरे अजून तो विषय काढत नाहीत, कारण ते आता हयात नाहीत. पण होते तोवर दर सणाला काढायचे.

तर अशा माणसाकडे बेळगावहून बापूराव आले आणि म्हणाले, "मेस्त्री, मला एक बुडणारं गलबत बांधून द्या."

बापूराव सिनेमा कंपनीचे मालक. आपलं आरमार फिरंग्यांचा धुव्वा उडवतं अशी भव्य लढाई त्यांना पडद्यावर आणायची होती. आधी ते खऱ्या समुद्रावर गेले होते. तिथे लाटांनी कॅमेरा हलला, कॅमेरावाल्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं, आणि फिरंग्यांचे सरदार वाळूवर आडवे झाले. तेव्हा कुणीतरी सांगितलं की सुप्याच्या खाली काळी नदीचा मोठा डोह आहे, पाणी आरशासारखं स्थिर, दोन्ही काठांना रान. रान दिसलं तर काय करायचं असं मी विचारलं. बापूराव म्हणाले, धूर सोडू. त्यांच्या सिनेमात ज्या गोष्टीचं उत्तर नव्हतं तिथे धूर होता.

डेपोच्या कारकुनाने सागाची लाकडं द्यायचं कबूल केलं, पण प्रत्येक छापाचं लाकूड परत आलं पाहिजे या बोलीवर. मी दोन गलबतं बांधली. खाली तराफा, वर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, त्यांना तेल-काजळीचा काळा रंग, मधे डोलकाठी. लांबून बघून मलाच सलाम करावासा वाटला. सैनिक म्हणून आमचीच तराफ्यावरची माणसं घेतली. अर्धे आपले मावळे आणि अर्धे फिरंगी. फिरंगी व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मला फिरंगीच आला. पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद देठाची, टोपी काजळीने काळी करून माझ्या डोक्यावर बसवली. ती घालून घरी गेलो तर कुत्र्याने आत घेतलं नाही.

पहिल्या दिवशी नुसती तालीम होती, कॅमेरा बंद. बापूरावांनी लाल रुमाल हलवला, मी सुटगाठ ओढली. काही झालं नाही. मग दगड भरले. गलबताने नाक थोडं खाली घातलं आणि तसंच उभं राहिलं. दहा फिरंगी एका बाजूला बसवले, तरी तेच. तराफा जास्त मजबूत व्हावा म्हणून मी सवयीने जागोजागी जादा गाठी मारल्या होत्या आणि त्या भिजून आवळल्या होत्या. काठावर कारकून मान हलवून कौतुक करत होता आणि बापूराव कपाळाला हात लावून बसले होते. लाजेने मरावं की अभिमानाने फुगावं हे मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

दोन दिवस मी स्वतःचं काम स्वतः बिघडवत होतो. जादा गाठी कोयत्याने तोडल्या, फक्त सुटगाठीवर सगळं टांगलं. त्या कामात माझ्याबरोबर सोमा वेळीप होता. सोमा रानातला कुणबी, पावसाळ्यात डोंगरउतारावर भात करायचा आणि उरलेलं वर्ष तराफ्यावर. दिवसाकाठी तो दहा शब्द बोलला तर रुकमीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ताप आलाय का असं वाटायचं. कमरेच्या आकड्यात कोयता कायम. चिठ्ठीत त्यालाही फिरंगी आला होता आणि टोपीखाली तो माझ्यापेक्षा बरा दिसत होता.

फिरंग्यांचा कप्तान मात्र कंपनीने आणलेला. दत्तू पैलवान. अंगाने वडाचा बुंधा आणि पाण्याला इतका भ्यायचा की तोंड धुतानाही डोळे उघडे ठेवायचा. त्याने मला तीनदा विचारलं की डोहात मगरी आहेत का. मी तिन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं, कारण मला त्याची गंमत वाटत होती. शेवटच्या दृश्यात कप्तानाने डोलकाठीला स्वतःला बांधून घ्यायचं आणि गलबताबरोबर बुडायचं, अशी बापूरावांची कल्पना. पैलवान म्हणाला, बुडेन, पण गुडघ्यापर्यंत. पाणी कमरेला लागलं की त्याने दोरीचं टोक ओढायचं, मोकळं व्हायचं आणि आमच्या माणसांनी त्याला धरायचं, असं ठरलं. बांधायचं काम माझं.

मी त्याला बांधलं. त्या सकाळी मी फार खुशीत होतो. बापूराव म्हणत होते की फिल्म एकदाच फिरवण्यापुरती उरलीय, नदीही उतरत चाललीय, आता सगळं मेस्त्रींच्या हातात आहे. असं ऐकत ऐकत हात आपोआप चालले. तीस-चाळीस गाठी रोज मारणाऱ्या माणसाचे हात डोक्याला विचारत नाहीत. पैलवानाला मी सुटगाठ मारायला हवी होती. मी त्याला मत्तीच्या लाकडासारखं बांधलं.

रुमाल हलला. मडक्यांमधली दारू उडाली, तट्टे पेटले, धूर झाला. मी सुटगाठ ओढली आणि माझ्या पायाखालचं गलबत खरंच उलगडलं. लाकडं चारी दिशांना निघाली. इतकी वर्षं मी काळजीने बांधलेलं असं उघड्यावर सुटताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लाकूड सुटलं."

मग जे झालं ते कुठल्याही आरमाराच्या इतिहासात झालं नसेल. फिरंगी पाण्यात होतेच. समोरच्या गलबतावरून आपल्या मावळ्यांनी तलवारी टाकल्या आणि तेही पाण्यात आले. दोन्ही फौजा खांद्याला खांदा लावून लाकडं गोळा करू लागल्या. ज्याला ज्याने मारायचं होतं तो त्याला "तिकडचं धर, मी हे धरतो" असं सांगत होता. बापूराव काठावरून आम्हाला मरायला सांगत होते आणि कुणाला मरायला वेळ नव्हता. कॅमेरावाला आपला हँडल फिरवत राहिला. त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी एक मोठं सागाचं लाकूड पकडलं आणि मागे न बघता काठाकडे ओढू लागलो. अर्ध्या वाटेवर ते एकदम जड झालं. पाणी प्यालंय, असं मनात म्हणून मी दात-ओठ खाऊन ओढलं. काठाला लागल्यावर बघतो तर दुसऱ्या टोकाला दत्तू पैलवान, लाकडाला मिठी मारून, डोळे मिटून. त्याच्या तोंडातून पाणी काढलं, तो शुद्धीवर आला, समोर मीच, त्याने माझे पाय धरले. काठावर एकच गलका झाला की मेस्त्रीने पैलवानाला वाचवलं. बापूरावांनी स्वतःचा जरीचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मी तो ठेवू दिला.

पैलवानाच्या कमरेला दोरी तशीच होती. मी वाकून पाहिलं. माझी गाठ शाबूत होती, आवळून दगड झालेली. तिच्या शेजारी दोरी तुटलेली होती आणि तुटलेलं टोक सरळ, कोयत्याने कापल्यासारखं होतं. माझ्याजवळ कोयता नव्हता. तेवढ्यात खालच्या अंगाने सोमा पाण्यातून वर आला, सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या हाताने. त्याच्या कमरेचा आकडाही रिकामा होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. कळलं नाही असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगितलं, पण कळलं होतं.

कारकुनाने लाकडं मोजली. एक कमी भरलं. त्याने सोमाला विचारलं, तुझं लाकूड कुठाय. सोमा म्हणाला, "गेलं." का गेलं, असं विचारलं तर तो अंगावरचं पाणी निपटू लागला. मग कारकुनाने मला विचारलं, मेस्त्री, याच्या हातून कसं गेलं. डोक्यावर फेटा होता. सोमाने दोरी कापली म्हटलं असतं तर ती कापायची वेळ कुणामुळे आली हेही निघालं असतं. मी म्हणालो, "त्याचं लक्ष न्हवतं."

सोमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याला नदीवर काम नव्हतं.

पुढचं वर्ष मी मोठा माणूस होतो. गणेशगुडीपासून उळवीपर्यंत कुणाकडेही गेलो की लोक ती गोष्ट सांगायला लावत. सांगता सांगता ती सुधारत गेली. आधी मी पैलवानाला लाकडासकट ओढलं, मग लाकूड बाजूला पडलं, शेवटी शेवटी तर एक मगरही आली. मला स्वतःला ती मगर दिसायला लागली होती. तिकडे सोमा रानात शिकेकाई नि मध गोळा करत फिरत होता आणि त्याच्या भाताची कणगी होळीच्या आधीच तळाला लागली होती. रुकमी लोकांची अंगणं सारवायला जायची. एकदा वाटेत तिने मला थांबवलं. "अण्णा, आमच्या ह्यांचं ध्यान कुठं असतंय वो? इचारलं तर बोलत न्हाईत. तुमीच सांगा." ती नवऱ्यावर चिडलेली होती, लाज वाटत होती तिला त्याची. मी म्हणालो, असतं एखाद्याचं तसं. आणि घाई असल्यासारखा पुढे गेलो. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं तर ती घाई.

पुढच्या माघात उळवीच्या जत्रेला बापूराव तंबू घेऊन आले. दिवेलागणीला पहिला खेळ. आमचा अख्खा सुपा गाड्या जुंपून आला होता. मला पुढे खुर्ची, डोक्यावर अर्थातच फेटा. माझ्या मागेच चटईवर सोमा आणि रुकमी बसले होते. सिनेमा मुका, म्हणून बापूराव पडद्याजवळ उभे राहून गोष्ट सांगत होते. गलबतं आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. स्फोट झाला. मग दोन्ही फौजा लाकडं गोळा करू लागल्या तेव्हा मला वाटलं आता लोक हसून तंबू पाडणार. पण बापूराव काही कच्चे नव्हते. पडद्यावर पाटी आली आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली, की आपले वीर इतके उदार की शत्रूचं गलबतही त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग मी दिसलो. कॅमेरा आमच्या बाजूच्या काठावर, जवळच होता. माझं तोंड, टोपी, लाकूड, सगळं स्वच्छ. माझ्या पाठीमागे, धूर विरळ झालेल्या जागी, डोलकाठीबरोबर पाण्यात गेलेल्या माणसाचा हात वर आला. एकदा आला, दुसऱ्यांदा आला. मी मान वळवली नाही. त्याच्याही पलीकडे एक फिरंगी लाकूड धरून चालला होता. तो थांबला. त्याने हाताकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं, आणि लाकूड सोडून दिलं. पाण्यात बुडी मारली. तो वर येईना. बापूराव पुढची गोष्ट सांगायची विसरले. मग तो वर आला, तोंडात कोयता, काखेत पैलवान. पैलवानाचे दोन्ही हात त्याने पुढच्या लाकडावर ठेवले, म्हणजे मी ओढत होतो त्या. कोयता तोंडातून पडला. मी आपला ओढतोच आहे, दात-ओठ खात, एखादा किल्ला जिंकल्यासारखा.

लोक हसू लागले, माझ्या तोंडाकडे बघून. हसत हसत थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, आरं, ह्यो तर सोमा.

रुकमी उठून उभी राहिली. पडद्यावर नाही, माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "अण्णा, हे तुमास्नी म्हाईत हुतं?"

सगळा तंबू ऐकत होता. नाही म्हणायला अजूनही जागा होती. धूर होता, गडबड होती. मी म्हणालो, "व्हय."

तिला रडू फुटलं. सोमाने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बस," तो म्हणाला. "लढाई संपली न्हाई अजून." आणि खरंच, तो शेवटपर्यंत सिनेमा बघत राहिला. मला काही दिसलं नाही. आपलं आरमार जिंकलं असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी जत्रेतून परस्पर मी सोमाला घेऊन डेपोवर गेलो आणि कारकुनाला सांगितलं की लाकूड सोमाच्या निष्काळजीपणाने गेलं नाही, गाठ माझी चुकली होती, आणि मी खोटं बोललो होतो. कारकुनाने चष्मा काढून पुसला. मग दोघांनाही काम देतो, पण मेस्त्री एकच राहील म्हणाला. खरं तर सोमाला मेस्त्री करायचं कुणाच्या मनात नव्हतं, त्याच्याही नव्हतं. पण आमची माणसं उळवीला होती, त्यांनी सिनेमा पाहिला होता, आणि माझ्या हाताखाली काम करायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता. फेटा मी सोमाला द्यायला गेलो. त्याने तो रुकमीकडे दिला. त्या वर्षी तिला मूल झालं, तेव्हा त्या फेट्याची तिने झोळी केली. जरीमुळे पोराला टोचायचं, असं ती मला दर वेळी सांगायची.

उरलेली सगळी वर्षं मी सोमाच्या हाताखाली तराफे बांधले. गाठी माझ्याच, त्यांना तोड नाही हे तोही मानायचा. पण मोठ्या डोहातून निघताना त्याने एक नवीन पद्धत पाडली. तराफा सोडण्याआधी आणि मुक्कामाला लागल्यावर तो वर उभा राहून माणसं मोजायचा. लाकडं मागाहून. डेपोचे लोक हसायचे. तराफ्यावर आम्ही आठ-नऊ जण असायचो, कधी कोण पुढे तर कोण मागे, पण तो मोजायला नेहमी माझ्यापासून सुरुवात करायचा.

"एक. अण्णा हाय काय?"

मी म्हणायचो, "हाय."